सहा आणे आठ पै

सहा आणे आठ पै. एवढ्या किमतीचं टपाल तिकीट कोणी का छापावं, हे मला बरीच वर्षं उमगलं नव्हतं. अर्धा आणा, एक आणा, दोन, चार, आठ, या किमती समजतात. हातात खेळणाऱ्या नाण्यांच्या हिशेबातल्या आहेत त्या. पण सहा आणे आठ पै म्हणजे जुन्या अंकगणिताच्या पुस्तकातल्या कापडवाल्याचं बिल वाटतं. त्यात तिकिटाचा रंगही पाटीसारखा करडा.

उत्तर पेन्सांत होतं. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. त्या काळी टपालाच्या हिशेबात रुपया दोन शिलिंगांचा, म्हणजे २४ पेन्सांचा धरत. मुंबईहून विलायतेला मार्सेयच्या वाटेनं जाणाऱ्या अर्ध्या औंसाच्या पत्राला १० पेन्स पडत. त्या १० पेन्सांचे आणे करून बघा: सहा आणे आणि वर आठ पै, काटेकोर. म्हणून १८६७ साली हे तिकीट निघालं. तिकीट हिंदुस्थानचं, पण त्यावरचा आकडा लंडनच्या हिशेबवहीतून आलेला.

माझ्याकडे त्या तिकिटाचं एक पाकीट आहे. मुंबई ते एडिंबरा, डिसेंबर १८६७. आतलं पत्र कधीच गहाळ झालंय. वरच्या डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्यानं आधी ‘व्हाया साउदॅम्प्टन’ लिहिलं, मग ते आडव्या रेघेनं खोडलं आणि खाली ‘व्हाया मार्सेय’ लिहिलं. खालची शाई अधिक काळी आहे, अक्षर घाईचं आहे. या खोडलेल्या ओळीकडे मी जितका वेळ बघत बसलोय, तितका वेळ आतलं पत्र असतं तर पत्राला दिला असता की नाही, कोण जाणे.

खरं तर अशी पाकिटं जपण्याचा मला नैतिक अधिकार नाही. लहानपणी मी त्यांचा कर्दनकाळ होतो. बशीत पाणी घ्यायचं, पाकिटाचा कोपरा कात्रीनं कापायचा, पाण्यात सोडायचा, आणि तिकीट सुटून वर आलं की वर्तमानपत्रावर वाळत घालायचं. उरलेलं पाकीट केरात. नातेवाइकांच्या ट्रंकांतले जुने लखोटे मी असेच ‘सोडवले’. त्यांत काय काय होतं याची यादी आता करायची हिंमत होत नाही. पुढं एका वयस्कर संग्राहकांना मी मोठ्या ऐटीत माझा अल्बम दाखवला. त्यांनी पानं उलटली, भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, “तिकीट म्हणजे नुसती पावती रे. प्रवास पाकिटावर असतो, तो तू फेकून दिलास.”

त्या वाक्यानं मला तिकिटांतून उठवलं आणि पाकिटांत बसवलं.

पाकीट वाचायचं म्हणजे बाहेरून वाचायचं. कुठला शिक्का कशावर पडलाय, तांबडी शाई कुठली, काळी कुठली, पैसे आधी भरलेत की घेणाऱ्याकडून वसूल करायचेत. आपण ज्याला ‘नॉटपेड’ म्हणतो त्यावर जुन्या काळी ‘बेअरिंग’ असा शिक्का असे; हिंदीतला ‘बैरंग’ त्याचंच लाडकं बिघडलेलं रूप. आतला मजकूर लिहिणारा तारीख मागं-पुढं करू शकतो, ‘कालच तुझं पत्र मिळालं’ असं खुशाल खोटं लिहू शकतो. शिक्क्याला ती सोय नाही. वाटेतल्या ज्या ज्या माणसानं पत्र हातात धरलं, त्यानं आपल्या जागेची आणि दिवसाची साक्ष पाकिटावर ठोकलेली असते.

वाफेच्या आधीची साक्ष फार तुटपुंजी आहे. पत्र शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून जाई, चार-सहा महिने सहज लागत. वारा फिरला, पावसाळा आडवा आला, की त्याहून जास्त. जहाज पोहोचेल याची खात्री नसल्यानं कंपनी सरकारची कचेरी एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या जहाजांनी धाडी. प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत वर्ष उलटे. १८२५ साली ‘एंटरप्राइझ’ नावाची आगबोट इंग्लंडहून कोलकात्याला आली तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. तिला ११३ दिवस लागले. चांगलं शिडाचं जहाजही तेवढ्यात येई. आगबोटीचा पहिला डाव फुकट गेला.

दुसरा डाव मुंबईनं टाकला. मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या देखरेखीखाली, सागवानाची ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ बांधली गेली. बांधणाऱ्यांनी तिच्यात साडेपाच दिवसांच्या कोळशाची जागा ठेवली होती आणि एडनपर्यंतच जायला लागणार होते ११ दिवस. मग काय, माणसांच्या खोल्यांतसुद्धा कोळसा भरला. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला लागली. वाटेत कोळसा भरण्यातच कितीतरी दिवस गेले. हा कोळसा इंग्लंडहूनच येई, तोही शिडाच्या जहाजांतून, आफ्रिकेला वळसा घालून. म्हणजे जलद टपालाचं जळण सावकाश टपालाच्या वाटेनं येत होतं. मला हा तपशील फार आवडतो.

नेमक्या त्याच दिवसांत थॉमस वॅगहॉर्न नावाचा एक आडमुठा दर्यावर्दी उलट दिशेनं मुंबईला येत होता. मिसरमधून टपाल नेता येतं, हे सिद्ध करायचंच या हट्टानं तो ऑक्टोबर १८२९ मध्ये लंडनहून निघाला. सुवेझला त्याला नेण्यासाठी बोट येणार होती, ती आलीच नाही. हा पठ्ठ्या उघड्या होडीत बसून तांबड्या समुद्रात शिरला आणि जिद्दापर्यंत गेला. शेवटी मुंबईला पोहोचला २१ मार्च १८३० ला. ‘ह्यू लिंडसे’ आदल्या दिवशी निघून गेली होती. एकाच वाटेचं स्वप्न बघणाऱ्या माणसाची आणि बोटीची इतकी सुरेख चुकामूक इतिहासात क्वचित सापडते.

वॅगहॉर्ननं पुढं मिसरमध्ये खाजगी टपालाची व्यवस्था उभी केली. अलेक्झांड्रियाहून कालव्यानं नाईल नदीपर्यंत, नदीतून कैरो, आणि कैरोहून सुवेझपर्यंत वाळवंटातून उंटाच्या पाठीवर. त्याच्या हातून गेलेल्या पत्रांवर ‘मिस्टर वॅगहॉर्न, सुवेझ यांच्या हस्ते’ अशा अर्थाचा शिक्का असे. १८४५ साली त्यानं मुंबईची १ ऑक्टोबरची खबर ट्रिएस्ट आणि जर्मन मुलखातून ३१ ऑक्टोबरला लंडनला पोहोचवली. तीस दिवस! एवढं करून पदरात काय पडलं, तर कर्ज. १८५० मध्ये तो गेला, पन्नाशीही न गाठता. सुवेझच्या कालव्याच्या तोंडाशी त्याचा अर्धपुतळा उभारला तो द लेसेप्स या फ्रेंच माणसानं. आज त्याच्या शिक्क्याचं पाकीट लिलावात आलं की ज्या बोली लागतात, त्यांतली एखादी त्या बिचाऱ्याच्या हयातीत लागली असती तर!

या वाटेला ‘ओव्हरलँड’ म्हणत, म्हणजे जमिनीवरची. मुंबई ते सुवेझ समुद्र, अलेक्झांड्रिया ते मार्सेय समुद्र, शेवटी इंग्लिश खाडी, आणि नाव जमिनीवरची. मिसरच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यानं सगळ्या प्रवासाला आपलं नाव दिलं. पुढं शंभर वर्षांनी असाच प्रकार झाला. ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची विमान टपाल सुरू झालं, पाकिटांवर निळ्या अक्षरात ‘बाय एअर मेल’. पण इटलीनं वाट दिली नाही म्हणून बाझेल ते जिनोआ ते टपाल आगगाडीनं जाई. टपालाच्या वाटांची नावं कधी फार मनावर घेऊ नयेत.

या सगळ्यात पैसा वजनावर होता. देशातलं टपाल १८५४ च्या ऑक्टोबरपासून स्वस्त झालं: पाव तोळ्याला अर्धा आणा, अंतर कितीही असो. त्याआधी मुंबई-कोलकाता पत्राला तोळ्याला रुपया पडे. पण विलायतेचं पत्र महागच राहिलं, विशेषतः मार्सेयचं. साउदॅम्प्टनची वाट जिब्राल्टरला वळसा घालून जाणारी, लांबची आणि स्वस्त. मार्सेयला उतरलेलं पत्र फ्रान्समधून रेल्वेनं धावे, काही दिवस वाचवी आणि त्याचे दाम मोजून घेई. म्हणून लोक कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद वापरत. पान भरलं की कागद आडवा धरायचा आणि लिहिलेल्या ओळींवरच काटकोनात पुन्हा लिहायचं. असं एक पत्र मी हातात धरून वाचायचा प्रयत्न केलाय. दहा मिनिटांत डोळे पाणावतात, आणि ते भावनेनं नव्हे.

काही जुन्या पाकिटांवर सुरीनं मारलेल्या बारीक चिरा दिसतात. पूर्वेकडून येणाऱ्या कागदातून प्लेग येतो, असा भूमध्य समुद्रावरच्या बंदरांचा समज होता. माल्टासारख्या ठिकाणी पत्रांना चिरा पाडून धुरी देत किंवा व्हिनेगार लावत. चिरेनं पाकिटाची किंमत कमी होते असं मी सुरुवातीला समजत होतो. उलट आहे, चीर असेल तर भाव चढतो.

विलायती टपाल म्हटलं की साहेबाची पत्रं डोळ्यांपुढं येतात. मला मात्र या वाटेवर सतत एक मराठी माणूस दिसतो. रंगो बापूजी. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला धाडलं, आणि त्यांचा वकील म्हणून रंगो बापूजी लंडनला जाऊन बसले. एक-दोन महिने नव्हे, तब्बल तेरा-चौदा वर्षं. कंपनीच्या भागधारकांसमोर भाषणं, अर्जांवर अर्ज, छापील कैफियती, डोक्यावर कर्ज. मालक काशीत, वकील लंडनमध्ये, आणि मधे गंगा, वाळवंट, दोन समुद्र.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीत वारले. बातमी आधी बंदरापर्यंत यायची, मग महिन्याच्या बोटीची वाट बघायची, मग सुवेझ, उंट, नाईल, मार्सेय. किती घाई केली तरी महिना-दीड महिना. तेवढे दिवस लंडनच्या त्या थंडीत रंगो बापूजी हयात नसलेल्या धन्याची बाजू लढवत होते. या मधल्या दिवसांत त्यांनी महाराजांना पत्रं लिहिली असणार. ती पत्रं आणि मृत्यूची बातमी कुठंतरी मिसरच्या आसपास एकमेकांना ओलांडून गेली असणार. कदाचित एकाच उंटाच्या मुक्कामावर, एक थैली इकडे तोंड करून, दुसरी तिकडे. हा माझा कल्पनेचा खेळ, पण मार्ग आणि तारखा समोर मांडल्या की तो टाळता येत नाही. पुढच्याच वर्षी सातारा खालसा झालं. रंगो बापूजी १८५३ पर्यंत तिथंच राहिले. परत आले, आणि सत्तावनच्या धामधुमीत नाहीसे झाले ते कायमचे.

त्या पत्रांतलं एखादं पाकीट कधी बाजारात आलं तर ते माझ्या खिशाला परवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी प्रत्येक लिलावाची यादी चाळताना चाळीसच्या दशकाशी आलो की माझा हात सावकाश होतो.

बाकी हिंदुस्थानी तिकिटं कुठं कुठं फिरली, तो एक वेगळाच नकाशा आहे. एडन कोळशाच्या वखारीसाठी १८३९ मध्ये जिंकलं आणि मुंबई इलाख्याला जोडलं, त्यामुळे तिथं १९३७ पर्यंत हिंदुस्थानचीच तिकिटं चालली. झांझिबार, मस्कत, बसरा, बगदाद इथंही हिंदुस्थानी टपाल कचेऱ्या होत्या. सिंगापूरला १८६७ पर्यंत आपलीच तिकिटं. हिंदुस्थानी तिकिटावर ‘बी १७२’ असा ठिपक्यांच्या अष्टकोनातला शिक्का दिसला की समजावं, हे पत्र सिंगापुरातून निघालंय. नवखे लोक तो आकडा बघून पत्र एखाद्या आडगावचं समजतात आणि स्वस्तात देऊन टाकतात. असे नवखे आता फारसे भेटत नाहीत, ही माझी तक्रार.

उलटा अनुभवही आहे. एका विक्रेत्याकडून मी जहाजफुटीतून वाचलेलं म्हणून एक पाकीट घेतलं. पाण्याचे डाग, फिकी शाई, तिकीट निघून गेल्याची रिकामी चौकट, सगळं जिथल्या तिथं. घरी येऊन भिंगाखाली धरलं तर पाण्याचा डाग शिक्क्याच्या खालून गेलेला. म्हणजे आधी पाणी, मग शिक्का. जहाज बुडाल्यावर पत्र टाकलं होतं म्हणायचं! पैसे परत मिळाले नाहीत. ते पाकीट मी मुद्दाम अल्बमच्या पहिल्या पानावर लावलंय.

खऱ्या जहाजफुटीच्या पाकिटांची गोष्टच निराळी. नोव्हेंबर १८६२ मध्ये पी अँड ओ कंपनीची ‘कोलंबो’ बोट कोलकात्याहून सुवेझला जाताना मिनिकॉय बेटावर फुटली. टपाल पाण्यातून काढलं, वाळवलं, आणि ‘कोलंबोच्या अपघातातून वाचलेलं’ अशा अर्थाचा शिक्का मारून पुढं धाडलं. तिकिटांचा डिंक विरघळून गेलेला, पत्ते पसरलेले. सप्टेंबर १८६९ मध्ये ‘कार्नाटिक’ सुवेझहून मुंबईकडे येताना तांबड्या समुद्रातल्या अबू नुहासच्या खडकावर चढली. कप्तानानं दुसरी बोट येईल या आशेनं उतारूंना बोटीवरच ठेवलं. दुसऱ्या दिवशी बोट दुभंगली आणि ३१ जण गेले. दोनच महिन्यांनी, १७ नोव्हेंबरला, सुवेझचा कालवा थाटात खुला झाला.

इथं या छंदाची जरा लाज वाटते. सुखरूप, वेळेवर, योग्य पत्त्यावर गेलेल्या पत्राला आमच्यात कोणी विचारत नाही. पत्र बुडालेलं असावं, चुकलेलं असावं, युद्धात अडकलेलं असावं; निदान धुरी तरी दिलेली असावी. दुसऱ्याच्या हालांवर आम्ही भाव ठरवतो. एका प्रदर्शनात मी एका गृहस्थांना दुसऱ्यांच्या पाकिटाकडे बघून म्हणताना ऐकलं, “वा! काय सुंदर नासलंय!” आणि मला ते खटकलंही नाही, घरी आल्यावर खटकलं.

कालव्यानं सगळं एका दिवसात बदललं नाही. बोटी कालव्यातून जाऊ लागल्या तरी कितीतरी वर्षं घाईचं टपाल मिसरमधून रेल्वेनंच उतरवत, कारण ते जलद पडे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, मार्सेयची वाट सुटली आणि टपाल इटलीतल्या ब्रिंदिसीला वळलं. त्या सुमारास मुंबई हे साऱ्या हिंदुस्थानच्या विलायती टपालाचं बंदर झालं होतं. १८६८ पासून बोटीवरच टपाल कचेरी असे: समुद्रात बोट हेलकावत असताना कारकून पत्रांचे गठ्ठे लावत, म्हणजे बंदराला लागताच थैल्या थेट आगगाडीत. त्या ‘सी पोस्ट ऑफिस’चे शिक्के बरेचदा तिरके, अर्धवट उठलेले दिसतात. ऐन पावसाळ्यातला असा शिक्का बघितला की मला त्या कारकुनाच्या पोटाची काळजी वाटते.

१ जुलै १८७६ ला हिंदुस्थान जागतिक टपाल संघात आला आणि वाटेवारी भाव, निरनिराळ्या देशांचे हिस्से, पत्रावर खरडलेले आकडे, हे सगळं हळूहळू आटपलं. संग्राहकाच्या दृष्टीनं पाकिटं कंटाळवाणी झाली. पण त्याच स्वस्त, कंटाळवाण्या टपालानं एक मोठं काम केलं. अमेरिकेत रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मासिकात गोपाळराव जोशींचा पत्रव्यवहार वाचला आणि त्यांच्या बायकोला पत्र लिहिलं. त्या पत्रांच्या धाग्यावर आनंदीबाई १८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीत बसल्या, डॉक्टर व्हायला. आणि गोपाळराव नोकरीला कुठं होते? टपालखात्यात.

तर पुन्हा माझं पाकीट. खोडलेल्या ‘साउदॅम्प्टन’बद्दल मी पुष्कळ तर्क केले. दुखणं असेल, व्यापारातला तोटा असेल, लग्न असेल. पाठवणारा घरून निघाला तेव्हा स्वस्त वाट ठरली होती, आणि टपाल कचेरीच्या खिडकीशी पोहोचेपर्यंत मन बदललं. त्यानं ते करडं, विचित्र किमतीचं तिकीट मागितलं. मागच्या बाजूचा एडिंबरा शिक्का सांगतो की पत्र वेळेत पोहोचलं, वाढीव पैसे सत्कारणी लागले.

पण पाकिटाच्या पुढच्या बाजूला एडिंबराचा पत्ता दोन रेघांनी खोडलेला आहे. घेणारा तिथं नव्हता. पत्र इन्व्हर्नेसला गेलं, तिथल्या शिक्क्यानंतर तिथूनही पुढं धाडलं गेलं, आणि शेवटचा शिक्का पर्थचा आहे, एडिंबरानंतर नऊ दिवसांनी. मार्सेयनं वाचवलेले दिवस स्कॉटलंडात गेले. खाली कुण्या टपालवाल्यानं पर्थचा नवा पत्ता लिहिलाय, पूर्ण पाकिटावरच्या सगळ्यांत सुवाच्य अक्षरात.